एका ओरिजिनल इंजिनाचा शोध

चहा येतोय तोवर सांगून टाकतो. चहा आल्यावर सांगितलं तर हसताना सांडाल, आणि ही सतरंजी आईची आहे.

गाढवपणा सगळेच करतात, त्याचं मला काही नाही. पण वर्षभर, दर रविवारी, सोबत डबा घेऊन, नियमाने गाढवपणा करणारा माणूस तुमच्या पाहण्यात आहे का? नसेल तर नीट बघून घ्या.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी नुकताच मेकॅनिकल इंजिनिअर झालो होतो आणि नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागलो होतो. म्हणजे काम काय, तर दुसऱ्यांनी बनवलेल्या मालातल्या चुका शोधायच्या. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

शिवाय मला तत्त्वं होती. आता थोडी उरली आहेत, तेव्हा घरात ठेवायला जागा नव्हती इतकी होती. सगळ्यात मोठं तत्त्व हे, की वस्तू ओरिजिनल पाहिजे. आपल्याकडे कशाचंही काहीही करतात. जीपचं इंजिन उसाच्या गुऱ्हाळाला, ट्रकचा टायर चपलेला, स्कूटरचं चाक हातगाडीला. या जुगाडापायीच देश मागे राहिला, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी कुणी न विचारता सांगत असे. इंदिरानगरातल्या आमच्या घरी वडील जेवताना रेडिओ का लावायचे, ते मला फार उशिरा कळलं.

तर खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी प्रत्येक मशीनला हार. नवीन माणूस म्हणून झेंडू आणायला मला पिटाळलं. फोरमन म्हणाला, बाजारात मरणाची गर्दी असेल, मखमलाबादच्या पुढे तात्यांचा मळा आहे, सरळ तिथून आण.

तात्या साठीचे. झेंडू आणि गुलाब हेच त्यांचं आयुष्य. डोक्यावर टोपी, तोंडात सुपारी, आणि डोळ्यात कायम असा भाव की समोरचा माणूस आता काहीतरी मजेशीर करणार. माझ्या बाबतीत त्यांचा अंदाज चुकला नाही.

ते शेडमध्ये झेंडू भरत होते. शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक झाकलेलं होतं आणि त्यावर फुलांच्या क्रेटची उतरंड. ताडपत्रीच्या एका फटीतून चकाकत्या बंपरचं टोक दिसत होतं.

"तात्या, हे काय आहे?"

"गाडी हाय."

"कसली?"

"बंद."

मी क्रेट उतरवून ताडपत्री उचलली आणि बघतच राहिलो. तेव्हा आपल्या रस्त्यावर गाड्या दिसायच्या ठरावीक चार-पाच जातीच्या, त्यातल्या निम्म्या पांढऱ्या. आणि इथे, झेंडूच्या क्रेटखाली, साठच्या दशकातली अस्सल अमेरिकन गाडी! दोनच दरवाजे, आखूड मागची बाजू आणि बॉनेट एवढं लांब की एका घरचे वर्षाचे पापड वाळावेत. पुढे काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, तिथे खरंच घातले. अमेरिकेत या गाड्यांना मसल कार म्हणतात. साध्यासुध्या गाडीत आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन कोंबायचं, आणि सिग्नल सुटला की गाडी जागेवर नाही. जुन्या मासिकांतून मी त्यांचे फोटो कापून ठेवत असे. लोक नट्यांचे ठेवतात तसे.

मी असा पुतळा होऊन उभा असताना काकूंनी हातात एक हार दिला. म्हणाल्या, "नुसता उभा हायस तर एवढा विहिरीवरच्या इंजिनाला घालून ये बाबा. आज त्याचा बी मान असतो."

विहिरीवर पत्र्याची एक खोली होती. आत अंधार आणि रॉकेलचा वास. मी मान मागे वळवून गाडीकडेच बघत गेलो, हाताला जे काही काळं लागलं त्याच्यावर हार अडकवला आणि धावत परत आलो. हेही लक्षात असू द्या. बरंच काही लक्षात ठेवायला लावतोय, पण इलाज नाही.

मग मी देवाचं नाव घेऊन बॉनेट उघडलं.

आत एक मांजर आणि तिची तीन पिल्लं. इंजिन नाही.

काय झालं मला, ठाऊक नाही. मी त्या शेडमध्ये भाषणच सुरू केलं. असं इंजिन काढणं म्हणजे खून आहे. जिवंत माणसाचं काळीज काढण्यासारखं आहे. ज्याने कुणी हे केलं असेल त्याला द्वारका चौकात फाशी दिली पाहिजे.

तात्यांनी हातातला झेंडू खाली ठेवला. "इंजिनाचं म्हणशील तर..."

"तुम्ही मध्ये बोलू नका तात्या, तुम्हाला त्यातलं कळणार नाही!" मी म्हणालो.

तात्या मग मध्ये बोलले नाहीत. वर्षभर.

गाडी आली कुठून, तेवढं त्यांनी सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ मुंबईत ठेकेदार होते. मायदेशी परत जाणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ती हौसेने घेतली. पण गाडी पाण्यासारखं पेट्रोल प्यायची. कसारा घाट चढेपर्यंत टाकी तळाला. शेवटी भाऊ वैतागले, गाडी मळ्यात आणून लावली आणि म्हणाले, हिचं काय करायचं ते तू कर.

मी तात्यांचे पाय धरले. म्हणालो, ही गाडी मी जिवंत करतो. ओरिजिनल होती तशी.

तात्यांनी हात झटकले. मग म्हणाले, "चालू कर आन् घेऊन जा. पर दसऱ्यापातूर. पुढच्या. मला हितं गुलाबाचं पॅकिंग टाकायचंय. दसऱ्याला ती सोताच्या पायानं भाईर नाय आली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. कबूल?"

कबूल. एक वर्ष! वर्षात माणसं पर्वत चढतात.

माझे रविवार सुरू झाले. सकाळी स्कूटरला डबा अडकवून मळ्यात. पत्रा घासला, गंज काढला, ब्रेक खोलले, वायरिंग नव्याने ओढलं. गिअरबॉक्ससाठी द्वारका चौकातले मेकॅनिक रफिकचाचा मिळाले. चाचांनी उमेदीत मुंबईत अमेरिकन गाड्यांवर काम केलं होतं. नाशकात तसा दुसरा माणूस नव्हता. मी त्यांनाही फाशीचं भाषण ऐकवलं. चाचांनी शांतपणे बिडी पेटवली आणि विचारलं, "तात्या को पूछा क्या, इंजन किधर गया?"

मी हसलो. म्हणालो, चाचा, ते शेतकरी माणूस. त्यांना इंजिनातलं काय कळणार?

चाचा म्हणाले, "हां, वो भी है." आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

मळ्यात माझ्या साधनेत व्यत्यय एकच होता. दुपारी हमखास लाईट जायची. लाईट गेली की विजेचा पंप बंद, आणि मग विहिरीवरच्या खोलीतलं ते रॉकेलचं इंजिन सुरू व्हायचं. काय तो आवाज! दम्याचा म्हातारा जिना चढतोय असा. भकभक धूर. मी त्याच खोलीच्या भिंतीला, सावलीला, पाठ टेकवून भाकरी खायचो आणि मांडीवर मासिक उघडून आठ सिलिंडरच्या इंजिनाचे फोटो बघायचो. पाठीमागची भिंत नुसती थरथरायची.

"तात्या, बंद करा हो ते डबडं," मी ओरडायचो, "डोकं उठलं!"

"गुलाब वाळतील ना रं."

"मग चांगलं इंजिन घ्या की एखादं!"

यावर तात्यांना ठसका लागायचा. मला वाटायचं सुपारी अडकली.

उन्हाळ्यात एकदा ते इंजिन फारच खोकायला लागलं. तात्या म्हणाले, "तू इंजिनिअर ना? जरा नजर टाक की." मी हात पुसत म्हणालो, तात्या, वाईट वाटून घेऊ नका, पण मी पंपाची इंजिनं बघत नाही. माझा विषय वेगळा आहे. तात्यांनी मान डोलावली आणि स्वतःच आत जाऊन दोन ठोके घातले. इंजिन सुरळीत झालं.

इकडे गाडी सजत होती आणि इंजिनाचा पत्ता नव्हता. मी मुंबईचे भंगारबाजार पालथे घातले. पुण्याला जाऊन आलो. मालेगावला एका भंगारवाल्याने आठ सिलिंडरचं इंजिन आहे म्हणून बोलावलं आणि चार-चार सिलिंडरची दोन इंजिनं शेजारी ठेवून दाखवली. वर म्हणाला, "मोजून घ्या साहेब."

शेवटी पावसाळ्यात मला एक अफाट कल्पना सुचली. मी पत्रकं छापली. वर मासिकातला इंजिनाचा रंगीत फोटो आणि खाली मजकूर: 'आपण यांना पाहिलंत का? वय अंदाजे तीस, बांधा मजबूत, रंग आकाशी, मूळ राहणार अमेरिका. माहिती देणाऱ्याचा यथोचित सत्कार करण्यात येईल.' खाली घरचा फोन नंबर. सातपूरच्या गेटांवर चिकटवली, द्वारकेला चिकटवली, बसस्टँडवर चिकटवली.

फोन आले की! सगळे वडिलांनी घेतले. एकजण म्हणाला, तुमचं इंजिन आमच्याकडे आहे, सुखरूप आहे, पण रडतंय. दुसरा म्हणाला, आमच्या मुलीसाठी स्थळ म्हणून चालेल का, वय तेवढं जास्त वाटतं. वडील निवृत्त शिक्षक. त्यांनी आठवडाभर सहन केलं आणि मग मला एवढंच विचारलं, "हे इंजिन सापडल्यावर तू त्याच्याकडे राहायला जाणार आहेस का?"

तात्यांनाही एक पत्रक दिलं. म्हटलं, असं काही कुठे नजरेला पडलं तर सांगा. तात्यांनी ते लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. काकूंना हाक मारून दाखवलं. काकू काहीतरी बोलायला गेल्या, तर तात्यांनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय," तात्या म्हणाले. "लय स्वच्छ हाय."

दिवस पळाले. गाडी आता अशी दिसत होती की मळ्यातले मजूर तिच्या बॉनेटमध्ये बघून भांग पाडायचे. फक्त बॉनेट उघडलं की मांजर. पिल्लं मोठी होऊन निघून गेली होती, मांजर मात्र तिथेच. आणि खंडेनवमी उजाडली. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला.

दुसरं कुठलं इंजिन टाकून गाडी हलवता आली असती. चाचांनी तसं सुचवलंही होतं, एका टेम्पोचं डिझेल इंजिन बसतंय म्हणून. पण मी आणि टेम्पोचं इंजिन? तत्त्व म्हणजे तत्त्व. गाडी भंगारात जाईल, पण ओरिजिनल जाईल.

कारखान्यासाठी झेंडू आणायचे होतेच. मी गेलो. शेडमध्ये कुणी नव्हतं. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून मी उभा राहिलो. खरं सांगतो, डोळे भरून आले होते. एवढी तिची सेवा केली, आणि परवा तिचे गॅसने तुकडे होणार.

तेवढ्यात विहिरीवरून काकूंची हाक आली.

"आरं, हिकडं ये जरा! बघ, तुझ्या त्या कागदासारखं दिसतंय का?"

गेलो. खोलीचं दार सताड उघडं होतं. काकू पदर खोचून, हातात रॉकेलचा बोळा घेऊन घामाघूम झाल्या होत्या. म्हणाल्या, दरवर्षी नुसता वरवर हार घालतो. पण तुझ्या कागदावर कसं चकचकीत होतं, म्हणून औंदा म्हणलं आपलं बी घासावं.

वीस वर्षांचं वंगण आणि काजळी खाली पडली होती. ढेकळंच्या ढेकळं. आणि त्यातून वर आला होता रंग.

आकाशी.

मी जवळ गेलो. उजवीकडे चार प्लग. डावीकडे चार प्लग, पण त्यांच्या वायरी काढून गुंडाळून ठेवलेल्या. बाजूवर इंग्रजीत ओतीव आकडे, जे मला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा जास्त पाठ होते. बाजूला काढून ठेवलेला गेल्या वर्षीचा वाळलेला हार, मी घातलेला. आणि मागच्या भिंतीवर, देवाच्या कॅलेंडरशेजारी, माझं पत्रक चिकटवलेलं.

"हे इथं का लावलंय?" मी विचारलं. दुसरं काही सुचेना.

"त्याचा तरणेपणीचा फोटो हाय म्हणून," काकू म्हणाल्या.

मी तिथेच एका दगडावर बसलो. याच भिंतीला पलीकडून वर्षभर पाठ टेकवली होती. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारा माणूस मी!

तात्या दारात येऊन उभे राहिले. हातात ताटात हळदकुंकू, नारळ. माझ्याकडे बघितलं, इंजिनाकडे बघितलं.

"मंग," ते म्हणाले, "फाशी कवा द्यायची?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. भावाने गाडी आणून टाकली तेव्हा मळ्यात वीज आलेली नव्हती. तात्या म्हणाले, गाडी नुसती बसून होती आणि विहीर नुसती भरून होती. त्यांनी चाचांना बोलावलं. होय, याच रफिकचाचांना. चाचांनी इंजिन उचलून विहिरीवर आणलं, रॉकेलवर चालेल असं केलं, आणि खर्च वाचावा म्हणून आठातले चार सिलिंडर बंद ठेवले. दम्याचा म्हातारा का धापा टाकत होता, आलं लक्षात? अर्धी फुफ्फुसं चाचांनीच बांधून ठेवली होती.

"सांगितलं का नाही मला?" मी म्हणालो.

"पहिल्याच दिवशी सांगत व्हतो. तूच म्हणला, मधी बोलू नका." मग जरा थांबून म्हणाले, "आन् तू खून म्हणत व्हतास. खून नाय केला रं त्याचा. नोकरीला लावलं. ह्या मळ्यातला एकूण एक गुलाब त्यानं पाजलाय. दर साल हार घालतो त्याला. मारलेल्याला कोण हार घालतं का... म्हंजी, घालतात, पर तसा न्हवं."

 

काकूंनी नारळ माझ्या हातात दिला. मी तो फोडला. इंजिनाला वाकून नमस्कार केला आणि मनातल्या मनात माफी मागितली. डबडं म्हटल्याबद्दल विशेष.

मग तात्यांनी सुपारी गालात सारली आणि म्हणाले, "भंगारवाल्याला नाय म्हणून सांगतो. घेऊन जा तुझं काळीज. पर एक आयक. गाडी तुझी, इंजिन तुझं, पाणी माझं. लाईट गेली तर माझा गुलाब येक दिवस बी तहानला नाय पायजे. कसं, ते तू बघ. इंजिनिअर हायस."

मी लगेच हो म्हणालो. विचार केला का? तुम्ही मला आता ओळखता. नाही केला.

पुढचे दोन महिने शेजारच्या मळ्यातून पाणी उसनं घेतलं. चाचा म्हणाले, मैंनेच निकाला, मैंच डालेगा. आणि एका सकाळी आठही सिलिंडर एकदम बोलले. काय सांगू तो आवाज! मांजर जी पळाली ती पुन्हा दिसली नाही. तात्यांना शेजारी बसवून गंगापूर धरणापर्यंत गेलो. तात्यांनी टोपी काढून मांडीवर घट्ट धरली होती. परत येईपर्यंत टाकी रिकामी. पण जीव भरला.

तिसऱ्या दिवशी कारखान्यात माझ्यासाठी फोन आला. पलीकडून तात्या.

"इंजिनिअरसाहेब, लाईट गेली."

शब्द दिला होता. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, गाडी मळ्यात नेली, उलटी घेत विहिरीला लावली. मागचं एक चाक जॅकवर उचललं, टायर काढला, रिमवर पंपाचा पट्टा चढवला, आणि गाडी गिअरमध्ये टाकून आत बसून राहिलो. बॉनेटवर काकूंचे पापड.

अजूनही तसंच चालतं. जुगाडाच्या नावाने बोटं मोडणारा मी, महाराष्ट्रातल्या बहुधा एकमेव ओरिजिनल अमेरिकन मसल कारमध्ये, पायाखाली दोनशेच्या वर घोडे घेऊन, गुलाबांना पाणी पाजत असतो. रस्त्याने जाणारी कॉलेजची मुलं थांबतात, गाडीभोवती फिरतात, वाकून मीटर बघतात. आणि हमखास विचारतात, "साहेब, ताशी किती?"

मी काच खाली करून खरं ते सांगतो.

"ताशी अर्धा एकर."